छत उसवतं, गादी सुकत नाही: होडीच्या कापडकामातली दरवर्षीची दोन दुखणी

तक्रार बहुतेक वेळा अशी असते: कापड भारीतलं घेतलं, शिलाईचे पैसे मोजले, तरी दुसऱ्या हंगामाच्या शेवटी होडीचं छत फाटलं. जवळ जाऊन बघावं तर कापड शाबूत असतं, उसवलेली असते ती शिवण. दुसरी तक्रार गाद्यांची. आठ दिवस ऊन दाखवलं तरी माणूस बसला की पँट ओली, आणि पावसाळा सरला की रेक्झिनवर काळे ठिपके. मांडवा असो, मुरूड असो, तारकर्ली-देवबाग असो की वेंगुर्ला, प्रवासी होड्यांची ही दोन दुखणी सारखीच. दोन्हींवर एकच उपाय केला जातो: पुढच्या वेळी आणखी जाड कापड, आणखी जाड रेक्झिन. त्याने फरक पडत नाही, कारण छताचा दोष दोऱ्यात असतो आणि गादीचा दोष पाण्याला बाहेर पडायला वाट नसण्यात.

आधी छत.

उसवलेल्या जागेच्या शेजारचा, अजून शाबूत दिसणारा एक टाका नखाने उचला. वरच्या बाजूचा टाका उचलताक्षणी तुटला, पण उलट बाजूचा, सावलीतला दोरा ओढूनही तुटत नसेल, तर दोरा उन्हाने गेला आहे. मग शिवण एका जागी दुरुस्त करून उपयोग नाही. छताच्या वरच्या अंगाच्या सगळ्या टिपा आज ना उद्या जाणार. दोन्ही दोरे मजबूत आहेत, पण सुईची भोकं लांबट झाली आहेत आणि भोकांच्या कडेचं कापड विरलं आहे, तर दोष ताणाचा: छत एका बाजूला ओढलं जातंय किंवा त्यात पाणी साचतंय. आणि दोरा फक्त पाइपाला टेकतो तिथेच तुटला असेल, तर ती घासण. या तिन्हींचे इलाज वेगळे आहेत. नुसतं ‘पुन्हा टीप मारून द्या’ म्हणून छत शिंप्याकडे टाकलं की तिन्हींना एकच औषध मिळतं.

उन्हाने जाणारा दोरा सगळ्यांत जास्त आढळतो. दुकानात चकचकीत कृत्रिम दोऱ्याला सरसकट ‘नायलॉन’ म्हटलं जातं, आणि बरेचदा तो खरोखर नायलॉनच असतो. नायलॉन ताकदीला उत्तम, पण उन्हाला कच्चा. पॉलिस्टर उन्हात त्याच्यापेक्षा खूप टिकतो. सुती दोरा तर समुद्रावर आणूच नये, तो कुजतो. चांगलं अॅक्रिलिक कॅनव्हास धागा बनतानाच रंगवलेलं असतं. रंग गाभ्यापर्यंत गेलेला असल्यामुळे त्या कापडावर १० वर्षांची हमी मिळते. त्याला शिवणारा दोरा मात्र कापडाच्या वर उघडा बसतो आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन खातो. कापड दहा वर्षांचं आणि दोरा दोन वर्षांचा, हे लग्न जमणारच नाही.

दोरा मागताना ‘बाँडेड पॉलिस्टर, उन्हासाठी प्रक्रिया केलेला’ असं मागा. टेक्स आणि तिकीट ही दोऱ्याच्या जाडीची दोन मापं. छतासाठी टेक्स ९०, म्हणजे साधारण तिकीट ३०. जाड गाद्यांसाठी आणि ताण येणाऱ्या पट्ट्यांसाठी टेक्स १३५, म्हणजे तिकीट २०च्या आसपास. तिकिटाचा आकडा वाढला की दोरा बारीक होतो, जाड नव्हे. इथे हमखास गल्लत होते. टेक्स ९०ला ११०/१८ नंबरची सुई लागते, टेक्स १३५ला १२५/२० ते १४०/२२. शिंपीकामाच्या साध्या मशीनवर टेक्स १३५ नीट चालत नाही. टाके सुटतात आणि कारागीर ताण वाढवत बसतो. त्यापेक्षा त्या मशीनवर टेक्स ९०ने दोन समांतर टिपा घालाव्यात.

याच्याही वरचा पर्याय पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच्या जातीच्या दोऱ्याचा. त्याला ऊन लागत नाही, मीठ लागत नाही, तो बहुधा कापडाच्या आधी जात नाही. पण तो विलक्षण निसरडा असतो. वरचा ताण नेहमीपेक्षा वेगळा लावावा लागतो, सुरुवातीला आणि शेवटी २ ते ३ सेंटिमीटर उलटी टीप घालावी लागते, आणि लायटरने टोक वितळवून बंद करायची सवय इथे कामाची नाही, कारण तो पॉलिस्टरसारखा वितळून चिकटत नाही. महाग आहे, हे खरं. पण हिशोब मांडून बघा.

४ मीटर लांब, २ मीटर रुंद छत घ्या. १५२ सेंटिमीटर पन्ह्याचं कापड होडीच्या आडव्या दिशेने टाकलं, तर दोन्ही बाजूंची १५ सेंटिमीटरची झालर आणि दुमड धरून २.४ मीटरचे तीन तुकडे लागतात. म्हणजे ७.२ मीटर, विकत घेताना साडेसात. दोन जोड, प्रत्येकावर दोन टिपा: साधारण १० मीटर. चारी बाजूंची दुमड, दोन टिपा: २५ मीटर. कमानींचे पाइप ज्यांत ओवतात त्या तीन बोगद्यांना १२ मीटर. एकूण टीप ४७ मीटर. वरचा आणि बॉबिनचा मिळून दोरा टिपेच्या जवळजवळ तिप्पट जातो, म्हणजे १४० मीटर. वाया जाणारा धरून २००. पीटीएफईचं छोटं रीळसुद्धा पुरून उरतं. एवढ्या दोऱ्यात बचत करून साडेसात मीटर भारी कापड पणाला लावण्यात कसला शहाणपणा आहे, ते आम्हाला तरी कळलेलं नाही.

टाक्याची लांबी ४ ते ५ मिलिमीटर ठेवा. बारीक टाका मजबूत असतो ही समजूत शर्टापुरती ठीक आहे. जाड कापडात, आणि रेक्झिनमध्ये तर जास्तच, बारीक टाके म्हणजे पोस्टाच्या तिकिटाची भोकं: ओढलं की त्या रेषेवर सरळ फाटतं. सुईचं टोकही बघा. गाड्यांच्या सीटचं काम करणाऱ्यांच्या मशीनला कधी कधी चामड्याची, धारदार टोकाची सुई लावलेली असते. ती चामड्यात भोक कापते, तशीच कॅनव्हासचे उभे-आडवे धागेही कापते. होडीचं काम सुरू करायच्या आधी गोल टोकाची सुई लावून घ्या, आणि ती लावलेली स्वतः बघा.

जोड कसा घालायचा? जीन्सच्या पायाच्या शिवणीसारखा: दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, वरून दोन टिपा. प्रत्येक बाजूला १५ मिलिमीटर कापड सोडलं की पुरतं. शिवताना थर सरकू नयेत म्हणून ६ मिलिमीटरची दुतर्फा चिकटपट्टी आधी लावून घ्यावी. टाचण्या लावल्या तर जितक्या टाचण्या तितकी जादा भोकं. दुमडीचं तोंड कुठे करायचं हे कौलांवरून ठरवा. वरचं कौल खालच्यावर चढतं, तशी पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूची कड वर राहायला हवी. आडव्या जोडांचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला ठेवावं, म्हणजे होडी पुढे जाताना वारा आणि तुषार दुमडीत शिरत नाहीत. सुती दोरा पाण्याने फुगून सुईचं भोक बुजवायचा. पॉलिस्टर फुगत नाही, म्हणून शिवणीवर आतून सीम सीलर, म्हणजे भोकं बुजवणारं द्रव, लावायचा. तो वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा लावावा लागतो.

आता ताण. फायबरच्या बऱ्याच होड्यांवर मांडव घातल्यासारखा सपाट सांगाडा असतो. त्यावर कापड कितीही खेचून बसवलं तरी मध्ये झोळ येतो, आणि एकदा झोळ आला की पाऊस तो वाढवत नेतो. १ मीटर लांब, अर्धा मीटर रुंद डबक्यात सरासरी ३ सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १५ लिटर, म्हणजे १५ किलो. हे वजन लाटेबरोबर डुचमळत असतं आणि प्रत्येक हिसका शेजारच्या शिवणीवर पडतो. २ मीटर रुंदीला मधला भाग कडांपेक्षा किमान १० ते १५ सेंटिमीटर उंच हवा, आणि दोन कमानींत १ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. सांगाडा बदलणं शक्य नसेल तर कमानींच्या वरून, कापडाच्या खालून, लांबीच्या दिशेने ५ सेंटिमीटर रुंदीच्या पॉलिस्टर पट्ट्या ताणून बसवा. तीन पट्ट्यांनी झोळ बराच आटोक्यात येतो.

घासणीचा इलाज सोपा आहे. पाइप जिथे कापडाला टेकतो तिथे आतून जाड रेक्झिनचा, ८ ते १० सेंटिमीटर रुंदीचा तुकडा लावा. तो तुकडा शिवणीवरूनही जायला हवा, नाहीतर त्याची कडच नवी करवत होते. पाइप जीआयचा असेल तर वेल्डिंगच्या जागा आधी बघा. तिथे जस्ताचा थर जळून गेलेला असतो, गंज तिथूनच सुरू होतो, कापडावर तांबडे पट्टे उमटतात आणि खरबरीत पाइप दोरा खातो. कानशीने घासून, जस्तयुक्त प्रायमर मारून मगच छत चढवा.

गाद्यांचं दुखणं याहून चिवट.

फोम पिळून निघालेल्या पाण्याचा एक थेंब जिभेला लावा. खारट लागला तर तुषारांचं आणि ओल्या कपड्यांचं पाणी, गोडं लागलं तर पावसाचं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण खारट पाणी वाळलं तरी मीठ मागे उरतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. स्वयंपाकघरातली मिठाची बरणी जूनमध्ये पाझरते, ते हेच. पोटात मीठ साठलेली गादी दुपारी कोरडी वाटते आणि संध्याकाळी, कोणी पाणी न घालता, पुन्हा ओलसर होते. अशा गादीला ऊन दाखवून काही होत नाही. तिला आधी गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

धुताना कव्हर काढा. फोम गोड्या पाण्यात दोनदा-तीनदा बुडवून दाबा, शेवटचं पाणी खारट लागेनासं होईपर्यंत. मग तो आडवा न टाकता उभा करा, लांबीच्या दिशेने, भिंतीला टेकून, वाऱ्यात. का, ते मोरीवरच्या स्पंजने कळतं. ओला स्पंज आडवा धरा, गळायचा थांबू द्या. मग तोच उभा करा. आणखी पाणी गळतं. बारीक छिद्रांत तळाचा ठरावीक उंचीचा थर पाणी धरूनच ठेवतो. १० सेंटिमीटर जाडीचा फोम आडवा ठेवला तर त्या थरात गादीचा बराच भाग येतो, उभा केला तर फक्त खालचं टोक.

नवी गादी करताना ‘४० डेन्सिटी’ ऐकून खूश होऊ नका. डेन्सिटी म्हणजे घनमीटरला किती किलो माल. त्यावरून बसका किती पडेल याचा अंदाज येतो, पाणी किती धरेल याचा नाही. साधा पीयू फोम ३२चा असो की ४०चा, पाणी पितोच. १८० × ४५ × १० सेंटिमीटरच्या एका बाकाच्या गादीचं घनफळ ८१ लिटर. तिचा एक तृतीयांश भाग भरला तरी २७ किलो पाणी होडीत कायमचं वस्तीला. कापलेल्या चुऱ्याचा बाँडेड फोम तर होडीवर घेऊच नये.

पर्याय दोन. एक, पाणी आरपार जाऊ देणारा क्विक-ड्राय फोम. त्याच्या पेशींच्या भिंती फोडलेल्या असतात, हाताला जाळीसारखा खरखरीत लागतो, वरून तांब्याभर पाणी ओतलं तर खालून लगेच बाहेर येतं. दुकानात हीच परीक्षा करा. दोन, पाणी पितच नाही असा बंद पेशींचा: ईव्हीए किंवा क्रॉसलिंक पॉलिएथिलीन. तो बसायला कडक, पण अर्ध्या तासाच्या फेरीला ५ सेंटिमीटर जाडी पुरते. जिथे माणसं ओल्या कपड्यांनीच चढतात, त्या स्नॉर्केलिंगच्या होड्यांना आम्ही हा बंद पेशींचाच सुचवू. दोन थर एकत्र करायचे असतील, खाली कडक आणि वर क्विक-ड्राय, तर खालच्या थराला दर २० सेंटिमीटरवर २० मिलिमीटरची भोकं पाडा. नाहीतर वरून आलेलं पाणी मधल्या सांध्यावर अडून बसतं.

फोमला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर रेक्झिन चढवण्याची युक्ती सर्वत्र केली जाते आणि सर्वत्र फसते. पिशवीला स्टेपल आणि सुई कुठेतरी भोक पाडतेच. पाणी आत शिरतं, बाहेर निघत नाही.

कव्हरचं मापही इथेच बघून घ्या. वरचा भाग एकसंध ठेवा. डायमंड शिलाई दिसते छान, पण माणूस बसतो त्याच जागी ती शेकडो भोकं पाडते, आणि प्रत्येक बसण्यासरशी फोम दाबला जाऊन सुटतो, भोकांतून पाणी ओढतो. शिवणी उभ्या बाजूंवर घ्या. कडेला गोट हवा असेल तर आत प्लॅस्टिकची दोरी घालायला सांगा. सुती दोरी समईच्या वातीसारखं काम करते. एका कोपऱ्यावर पडलेलं पाणी गादीभर फिरवते. तळाला रेक्झिन नको, पीव्हीसीचा थर दिलेली पॉलिस्टर जाळी. चेन मागच्या उभ्या बाजूला, प्लॅस्टिकच्या दात्यांची, १० नंबरची. धातूची चेन मिठाने एका हंगामात आवळते. फोम कव्हरपेक्षा लांबीला दीड आणि रुंदीला एक सेंटिमीटर मोठा कापा. कव्हर टाईट बसलं की वर खळगे पडत नाहीत, खळगे नसले की पाणी साचत नाही.

जाळी लावली तरी गादी सपाट फळीवर चिकटून बसली तर पाणी जाणार कुठे? बाकावर १० ते १२ मिलिमीटरच्या पट्ट्या ठोका, किंवा फळीला दर १५ सेंटिमीटरवर २० मिलिमीटरची भोकं. प्लाय घेताना आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायचा शिक्का बघा. आयएस ३०३ हा वेगळ्या, सर्वसाधारण कामाच्या प्लायचा शिक्का. भोकं पाडून झाल्यावर प्लायच्या कडा आणि भोकांच्या आतल्या भिंती इपॉक्सीने बंद करा. हे काम सगळ्यांत जास्त टाळलं जातं, आणि प्लाय कुजायला सुरुवात तिथूनच होते. स्टेपल स्टेनलेसचे, शक्यतो ३१६ प्रतीचे. साधे स्टेपल वर्षभरात तांबडे होऊन तुटतात आणि मग रेक्झिनच सैल झालं असं वाटतं.

काळे ठिपके रेक्झिनच्या वर असतील तर सौम्य साबण, मऊ ब्रश आणि गोडं पाणी पुरतं. अॅक्रिलिक कापडावर बुरशी असेल तर ४ लिटर पाण्यात २४० मिलिलिटर ब्लीच आणि ६० मिलिलिटर सौम्य द्रवसाबण. १५ मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. रेक्झिनवर हे मिश्रण वापरू नका, त्याचा वरचा संरक्षक थर जातो. आणि गुलाबी डाग दिसले तर घासत बसू नका. ते सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या रंगाचे असतात, रंग रेक्झिनमधल्या मऊपणा देणाऱ्या द्रव्यात मुरलेला असतो, आणि तो बहुधा मागच्या बाजूने, ओल्या फोमकडून आलेला असतो. रेक्झिन बदला, पण फोम तोच ठेवलात तर डाग परत येतील.

टिच बटणं: ती कड जागेवर धरण्यापुरती असतात, छताचा ताण त्यांच्यावर टाकू नये. बटणाखाली कापडाचे तीन थर घ्या. अडकलेलं बटण कापडाला धरून ओढू नका, बटणाच्या बुडाखाली बोथट पट्टी घालून उचला. अॅल्युमिनियमच्या पाइपाला स्टेनलेसचे स्क्रू थेट लावले तर भोवती पांढरी भुकटी जमते आणि पाइप खाल्ला जातो. मध्ये नायलॉनचा वॉशर द्या. पारदर्शक प्लॅस्टिकचे पडदे घडी घालून ठेवू नका, गुंडाळा, मध्ये मऊ कापड ठेवून. उन्हात तापलेल्या पाइपाला ते टेकले की त्या रेषेत करपतात.

प्रवासी होड्या मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असतात. बहुतेक बिघाड या तीन महिन्यांत मुरतो. छत आणि गाद्या होडीवर राहू देऊ नका. गोड्या पाण्याने धुवून, पहिल्या पावसाआधी कडकडीत वाळवून, माळ्यावर दोरीवर टांगा. गादीची चेन उघडी ठेवा. होडीला झापांनी शाकारायची जुनी पद्धत होती, त्यात हवा खेळायची. निळ्या ताडपत्रीत गच्च बांधलेली होडी आतून घामेजते. ताडपत्रीच वापरायची तर खाली बांबूचा उंचवटा द्या आणि पुढची-मागची तोंडं उघडी ठेवा.

भर हंगामात शिवण उसवली आणि शिंपी आठवड्याची तारीख देत असेल, तर दाभण आणि टेक्स १३५चा दोरा होडीतच ठेवलेला बरा. नवी भोकं पाडू नका. उसवलेल्या जागेच्या ३ सेंटिमीटर आधीपासून, जुन्याच भोकांतून एक आड एक धावता टाका घालत पुढे जा, शाबूत शिवणीत ३ सेंटिमीटर शिरा, आणि त्याच भोकांतून उलट्या दिशेने परत येत रिकामे टाके भरा. गाठ छताच्या आतल्या बाजूला, सावलीत.